व्याह्यांनी न पाहिलेला चित्रपट

पडद्यावर आजवर जेवढी माणसं संकटात सापडली, त्या सगळ्यांची काळजी वाहण्याचं काम आमच्या व्याह्यांनी एकट्याने अंगावर घेतलेलं आहे. नायक-नायिकेची काळजी कुणीही करतो. आमचे व्याही करतात ती उरलेल्यांची. म्हणजे समजा, नायक गाडीतून पळतोय, मागे गुंड लागलेत, गाडी भर बाजारात शिरते, फळांच्या हातगाड्या उडतात आणि पपया रस्त्यावर फुटतात. आपण गाडीबरोबर पुढे जातो. व्याही मागेच राहतात, त्या हातगाडीवाल्यापाशी. गुंड पकडले जातात, लग्न लागतं, गाणं होतं, चित्रपट संपतो, आणि व्याही विचारतात, "त्या पपईवाल्याचं पुढे काय दाखवलं?" डहाणूहून चिंचणीला जाताना समुद्राच्या अंगाला त्यांची स्वतःची चिकूची वाडी आहे. त्यामुळे पडद्यावर फळ सांडलं की ते आपल्याच अंगणात सांडल्यासारखं त्यांना लागतं. एकदा मी समजूत घालायला गेलो, "अहो, सगळं खोटं असतं ते." थोडा विचार करून म्हणाले, "भांडण खोटं असेल, व्याहीबुवा. पपया खऱ्या होत्या."

मी तलासरीचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दोन हजार पंधरा साली माझी मुलगी त्यांच्या घरी सून म्हणून गेली आणि हे गृहस्थ माझ्या वाट्याला आले. व्याह्यांचं नातं मोठं अवघड असतं. मित्रासारखं हसता येत नाही आणि परक्यासारखं दुर्लक्षही करता येत नाही. त्यातून हे व्याही आदल्या दिवशी जो चित्रपट पाहतील त्यावरचं मत दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करून कळवणार. मी आंघोळीला निघालेला असतो, हातात टॉवेल असतो, आणि तिकडून काळजीच्या सुरात प्रश्न येतो, "एवढा पाऊस, बाई पातळ साडी नेसून डोंगरावर गात होती. आजारी नसेल का पडली?" मुलीच्या सासऱ्याला काय सांगायचं? मी म्हणतो, "घरी गेल्यावर काढा घेतला असेल." मग त्यांना जरा बरं वाटतं.

थिएटरात जाऊन ते चित्रपट पाहत नाहीत. तिथे मधेच उठायचं तर लोकांच्या पायांवरून जावं लागतं. आणि उठल्याशिवाय त्यांना चित्रपट पाहताच येत नाही. आमच्या जावयांनी मोबाईल टीव्हीला जोडून घरच्या घरी सोय करून दिल्यापासून जेवण झालं की पडदे ओढून सगळे बसतात. सुरुवात ठीक असते. पण संगीत जरा खोल गेलं, कुणी अंधारात जिना चढू लागलं, की व्याही शांतपणे चष्मा काढतात आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून स्वयंपाकघरात जातात. तिथून विचारतात, "झालं का?" विहीणबाई उंबरगावकडच्या, बोलणं अर्धं गुजराती. मांडीवर सूप घेऊन वाल सोलता सोलता पडद्यावरचा खून त्या अशा बघत असतात की दूध उतू जातंय का एवढंच बघायचं आहे. "हजी नथी," म्हणजे अजून नाही, त्या सांगतात. खून उरकला की हाक मारतात, "आवो हवे, पती गयुं." या आता, आटपलं. मग व्याही येऊन बसतात आणि चष्मा लावतात.

याचा परिणाम असा की चित्रपटांतले फक्त शांत तुकडे त्यांनी पाहिलेले असतात. ज्या चित्रपटाने आमच्या जावयांना झोप लागली नाही, त्यावर यांचं मत, "छान घरगुती गोष्ट आहे. दोन भाऊ आहेत, आई त्यांना वाढते, ते पोटभर जेवतात. नंतर एका भावाचा हार घातलेला फोटो भिंतीवर दिसला. मधे काय झालं कळलं नाही. आजारी असेल." एका भुताच्या चित्रपटानंतर तर ते आठवडाभर अस्वस्थ होते, पण भुतामुळे नव्हे. "एवढं जुनं घर घेतलं आणि शेजारपाजारी एका शब्दाने चौकशी केली नाही. भूत राहू द्या बाजूला, पाणी कसं आहे ते तरी विचारायचं."

खरं म्हणजे लग्नाआधीच मला त्यांचा अंदाज यायला हवा होता. मांडव पडायला आठवडा उरला असताना ते अचानक आमच्या दारात उभे राहिले. कासा-चारोटीला जीप बदलून आले होते, चेहरा उतरलेला. लग्नाच्या तोंडावर मुलाचा बाप एकटा येतो म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांनी चहा घेतला, हवापाण्याचं विचारलं, आणि मग म्हणाले, "मुलीशी दोन शब्द बोलायचे होते." मी आणि बायको आत जाऊन दारामागे उभे राहिलो. व्याही मुलीला हळू आवाजात सांगत होते, "बाळ, काल एका चित्रपटात पाहिलं. मुलगी भर मांडवातून पळून गेली. तुझ्या मनात तसं काही असेल तर लाजू नकोस, मला आधी सांग. मी दोन्हीकडचं सांभाळून घेईन. फक्त आचाऱ्याला वेळेवर कळवावं लागेल." मुलगी म्हणाली, "नाही हो काका, मला तिथेच यायचंय." त्यावर त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की दारामागे आम्हाला ऐकू आला. त्या दिवशी बायको म्हणाली, "पोरगी चांगल्या घरात पडते आहे."

तीन वर्षं अशी फोनवर गेली. मग दोन हजार अठराच्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलू लागली.

आधी जमिनीखालून दगडांनी भरलेला ट्रक जावा तसा आवाज येई. मग खिडक्या थरथरत, मग फळीवरची भांडी. क्षणभराचं काम, पण त्या क्षणाची वाट पाहण्यात सगळा दिवस जाई. झरी गावाच्या बाजूला लोक घराबाहेर प्लास्टिक ताणून झोपू लागले. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीला छतापासून खाली एक चीर गेली. आणि नेमकी ती खोली बायकोने नुकतीच रंगवून घेतली होती, कारण मुलीला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं.

बायको ऐकेना. "माझ्या वेळी आईचं घर कुडाचं होतं," ती म्हणाली. "तेव्हा कुणी भिंती मोजल्या नाहीत." मी सुचवलं, आपणच डहाणूला जाऊन राहिलो तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घालून अंगणात गेलो. तिच्या आईवडिलांनी नातवंड होईपर्यंत आमच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. मुलीच्या सासरी पिशव्या घेऊन राहायला जायचं, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. दिवसा ती चिरेवर पंचांगाचं कॅलेंडर टांगून ठेवी. मी एकटा असलो की ते बाजूला करून बघे, चीर वाढली आहे का.

तिकडे व्याह्यांचे फोन चालूच होते, पण त्यांत चित्रपट नव्हते. "काय, ठीक ना?" एवढं विचारून ते फोनवर नुसते थांबत. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळत होतं. सून इथे पाठवायची त्यांना भीती वाटत होती. पण मुलाच्या बापाने तसं म्हटलं की तो आमच्या घराचा अपमान, आणि अपमान करणं त्यांना जमत नव्हतं. मलाही म्हणता येत नव्हतं की नका पाठवू. असे आम्ही दोघे भित्रे फोनच्या दोन टोकांना उभे असायचो.

एका दुपारी ते स्वतः आले. ज्या गावाचं नाव बातम्यांत आलं की ते टीव्हीचा आवाज बंद करत, त्या गावात जीपने आले. घरात शिरताना आधी छताकडे पाहिलं, मग दाराजवळची खुर्ची निवडली. बायकोने चहा आणला. कपबशी हातात धरून ते म्हणाले, "काल एक चित्रपट पाहिला."

"कोणता?" बायकोने विचारलं.

"नाव राहिलं बघायचं. माझी सुरुवात चुकली." ते बशीकडे बघत होते. "त्यात एक मुलगी असते. दिवस गेलेले असतात. तिच्या माहेरी काहीतरी अडचण असते. पूर म्हणा ना. तर ती माहेरी जायच्याऐवजी तिची आईच तिच्याकडे येते. सासरचे लोक साधे असतात, त्यांना काही कळत नसतं. मुलीची सासू चांगली आहे, पण ती आपली वाल सोलत बसते. बाळंतिणीला काय हवं नको ते आईलाच ठाऊक. म्हणून सासरा तिला न्यायला..."

तेवढ्यात तो आवाज आला. पायाखालून गडगडत गेला, खिडकी वाजली, फळीवरचा एक डबा खाली येऊन गरगरत राहिला. बायकोने दाराची चौकट धरली. मी उठून उभा राहिलो, पण कुठे जायचं ते सुचेना. व्याही मात्र खुर्चीवरून हलले नाहीत. डोळे घट्ट मिटले होते, आणि चहा बशीतून त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडत होता. मग सगळं थांबलं. त्यांनी डोळे उघडले. आवाज इतका कापत होता की शब्द नीट उमटत नव्हते, पण ते सोडलेल्या जागेवरूनच पुढे बोलू लागले, "न्यायला जातो. आणि हात जोडून सांगतो की, ताई, एवढे उपकार करा आमच्यावर. आमच्या घरात कुणालाच धीर नाही."

बायकोने डबा उचलला, पदराने पुसला, फळीवर ठेवला.

"त्या चित्रपटातली आई," ती हळूच म्हणाली, "बरोबर काय घेऊन गेली?"

व्याह्यांनी याचा विचार केलेला नव्हता. ते माझ्याकडे बघू लागले. "डिंकाचे लाडू," मी म्हणालो.

"लाडू वळायला दोन दिवस लागतील," बायको म्हणाली. "तुम्ही लेंगा बदला आधी. यांचा देते."

तिसऱ्या दिवशी आम्ही डहाणूला राहायला गेलो. संक्रांतीनंतर नात झाली. दवाखान्यात व्याही कॉरिडॉरमधल्या प्रत्येक अनोळखी बाळंतिणीच्या नातेवाइकांना "तुमचं सगळं नीट झालं ना?" असं विचारत फिरत होते, आणि आमच्या नातीची बातमी त्यांना सगळ्यांत शेवटी कळली. त्या घरात आमचे दिवस बरे गेले. बायको आणि विहीणबाई एका सुपात वाल सोलत खून बघायच्या. मीही हळूहळू व्याह्यांबरोबर स्वयंपाकघरात जाऊ लागलो. तिथे ओट्यापाशी उभं राहून, बाहेरच्या किंकाळ्या ऐकत, आम्ही दोघे चिकूच्या फोडी खात असू. माणूस घाबरट असला तरी त्याच्याशेजारी उभं राहिलं की आपली भीती निम्मी होते, हे मला तिथे समजलं.

पाडव्यानंतर आम्ही परत निघालो. हादरे विरळ झाले होते, आणि किती दिवस राहणार. व्याही सोडायला आले. आमच्या घरात ते खोलीखोलीतून फिरले, भिंतींवर बोटांनी टकटक केलं, कड्या उघडून-लावून पाहिल्या. मग मला हाताशी घेऊन आमच्या दोन्ही खाटा त्यांनी भिंतीपासून ओढून अगदी दाराच्या तोंडाशी आणल्या. "इथून दोन पावलांत अंगण," ते म्हणाले. तीन वेळा "निघतो" म्हणून झालं तरी ते अंगणात उभेच होते. ऊन उतरलं होतं. शेवटी खाली बघत म्हणाले, "मुलगी तुमची आमच्याकडे, आणि तुम्ही दोघंच इथे. हे काही मनाला पटत नाही." आणि आमच्या उत्तरासाठी न थांबता जीपमध्ये जाऊन बसले.

आता बरेच महिने झाले. चीर बुजवली, वर रंग दिला. जमीन बरीचशी शांत आहे. खाटा मात्र अजून दाराच्या तोंडाशीच आहेत. घरात यायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन यावं लागतं. येणारे-जाणारे हसतात, विचारतात, खाटा अशा का ठेवल्या. बायको रोज झाडताना त्यांच्याखाली वाकते, कंबर धरते, कुरकुरते. पण आत सरकवूया असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही म्हणालो नाही.