अकरा महिन्यांची कोरी जागा

हँगरमधल्या लोखंडी जिन्याच्या सतरा पायऱ्या चढल्या की बाईंची खोली लागायची. खोली कसली, पोटमाळाच तो. एक टेबल, कागदांनी वाकलेली मांडणी आणि खाली विमानांच्या पाठी दिसतील अशी काचेची खिडकी. खाली मेकॅनिक विमान उघडून बघायचे आणि वर बाई त्याच्या वह्या वाचायच्या. जुनं विमान विकायला आलं की त्याच्या जन्मापासूनच्या नोंदी तपासायच्या, हेच त्यांचं काम. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, कुठला भाग कधी बदलला, सही कोणाची. सव्वीस वर्षं हेच. खालच्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘वाचनबाई’.

एवढ्या वर्षांत बाई विमानात बसल्या मात्र नव्हत्या. त्याची खंतही नव्हती. ‘पहाटे पाच चाळीस, दाट धुकं, उजवीकडून वारा’ एवढं वाचलं तरी खुर्ची अलगद हलकी व्हायची. टेबलाच्या कडा विरघळत जायच्या, खालून नदीची चंदेरी रेघ सरकायची आणि समोरचा चहा कधी निवला ते कळायचंही नाही. त्यांचे यजमान शिंपीकाम करायचे. संध्याकाळी मशीनवरून मान न उचलता विचारायचे, “काय, आज कुठवर जाऊन आलीस?”

तर एकदा खाली एका इंजिनाचं टर्बोप्रॉप येऊन उभं राहिलं. नाकावर पंखा, त्याच्यामागे जेटच्या जातीचं इंजिन. वय अठरा वर्षं. घ्यायला आल्या होत्या डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई. रस्त्याने जायला दोन दिवस लागतात अशा गावांत त्यांना ऑपरेशनचं टेबल घेऊन उतरायचं होतं. विमानाचं मागचं दार ऐसपैस होतं आणि कच्च्या धावपट्टीवर उतरायला ते कचरत नसे. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटाला हात लावला आणि तिथेच त्यांचं ठरलं.

“बाई, माल चोख आहे,” मोठे मिस्त्री जिन्याखालून ओरडले. “तुमची सही झाली की आम्ही सुटलो!”

बाईंनी तीन दिवस वाचलं. मालक म्हातारे वैमानिक होते, सगळे त्यांना कप्तान म्हणत. अक्षर कसं, तर ओळीने बसलेल्या पाखरांसारखं. पाचव्या वहीत एका मंगळवारी पन्नास मिनिटांचं उड्डाण होतं, आणि त्याखालची ओळ थेट अकरा महिन्यांनंतरची. मध्ये बोटभर कोरी जागा.

बाई त्या जागेकडे बघत राहिल्या. इतका वेळ ढगांतून चाललेलं विमान एकाएकी कुठे नाहीसंच झालं होतं. नुसतं उभं राहिलेलं इंजिन वाईट. दमट हवा आत शिरून बारीक पाती खाते. नीट झाकून ठेवलं असेल, तर तसं लिहिलेलं हवं.

“मी सही करत नाही,” त्या खाली येऊन म्हणाल्या.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. कप्तानांच्या मिशा थरथरल्या. “अठरा वर्षांत एक ओरखडा नाही त्याला! आणि तुम्ही कोऱ्या कागदावरून अडता?”

“कोऱ्या कागदावरूनच अडते मी. लिहिलेलं कोणीही वाचेल.”

कप्तान तावातावाने दारापर्यंत गेले, आणि तिथेच घुटमळले. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाले, “ही आजारी होती. ती अंथरुणात असताना मी वर जायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. हाक मारली तर ऐकू यायला हवी ना.”

बाईंचा जीव गलबलला. “मग?”

“मग काय? बरी झाली की. आता ठणठणीत आहे. तीच म्हणते, विका ते आणि बसा घरात गुपचूप.”

दुसऱ्या दिवशी कप्तानीणबाई स्वतः आल्या. काखेत गुंडाळलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. बाईंच्या टेबलावर त्यांनी ते पसरलं. तारखांच्या चौकोनांत त्यांच्या हातचं गिचमिड अक्षर होतं. ‘गोळी घेतली.’ ‘ताप नाही.’ आणि दर रविवारी, ‘ह्यांनी पंखा हाताने फिरवला. इंजिनाची तोंडं बांधली आहेत, पाहून आले म्हणतात.’

“मला खिडकीतून विमानाची शेड दिसायची,” त्या म्हणाल्या. “दर रविवारी हे तिथे तासन् तास बसायचे. मला वाटायचं, आम्ही दोघंही पडून आहोत, ते विमान आणि मी. बघू आधी कोण उठतं.”

बाई चौकोनामागून चौकोन वाचत गेल्या. खोलीत औषधाचा वास आल्यासारखं झालं, पडद्याआडून ऊन उतरलं, समोरच्या शेडमध्ये एक पंखा संथ फिरला आणि थांबला. भानावर आल्या तेव्हा कप्तानीणबाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

“पण कॅलेंडरवर सही करता येत नाही मला,” बाई ओशाळून म्हणाल्या. “इंजिनात बघावं लागेल.”

“बघा की. आम्ही कुठे नाही म्हणतोय?”

मिस्त्रींनी बारीक नळीचा कॅमेरा इंजिनात सोडला. पडद्यावर पाती एकेक करून पुढे सरकू लागली. दोन पात्यांवर खसखशीएवढे डाग निघाले, तेही चालण्यासारखे. बाकी सगळं लख्ख. बाईंनी सही केली. कॅलेंडरची गरज नव्हती, तरी कप्तानीणबाईंना विचारून त्यांनी ते घडी घालून पाचव्या वहीत ठेवलं.

विमान न्यायच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वह्या तुमच्या हातूनच आमच्याकडे पोचू द्या. चला, बसा.” बाई नाही नाही म्हणत चढल्या. पट्टा बांधला, वह्यांचं गाठोडं मांडीवर घेतलं. इंजिन घुमू लागलं, धावपट्टी मागे पळाली आणि पोटात एकदम पोकळी झाली. खाली छपरं, मग शेतं, मग पांढरा कापूस पिंजून टाकावा तसे ढग. बाईंनी ‘अगंबाई’ म्हटलं, खिडकीला डोकं टेकलं, आणि त्या एकसुरी गुणगुणीत त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती चाकं जमिनीला लागल्यावर.

“अहो बाई, अख्खं आकाश झोपेत घालवलंत!” डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या.

“गेलं तर गेलं,” बाई डोळे चोळत म्हणाल्या. “पण अशी झोप मला लहानपणानंतर लागली नव्हती हो.”

वह्या त्यांच्या हवाली करून बाई बसने परत निघाल्या. पाच तासांचा रस्ता होता. खिडकीजवळची जागा मिळाली, आणि घर येईपर्यंत त्या टक्क जाग्या राहून बाहेर बघत होत्या.