विंगेतल्या मावशीचा प्रयोग

मावशीचा आवाज जन्मात कधी चढला नाही. दिवसा वाचनालयात नोकरी, संध्याकाळी हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर. दोन्हीकडे हळू बोलायचंच काम. विंगेत स्टूल टाकून ती बसायची आणि कुणी अडलं की पुढचं वाक्य असं सोडायची, की त्याच्या कानात नेमकं पडावं आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. तिची थोरली बहीण, अक्का, मंडळींची नायिका. देखणी, आवाज खणखणीत आणि पाठांतराच्या नावानं शंख. निम्मं नाटक मावशीच्या तोंडून अक्काच्या तोंडात जायचं. हशा पिकला की अक्का खुलायची आणि मावशी पान उलटायची.

निवृत्त झाल्यावर मावशीनं जाहीर केलं, की आपण एकटीचं विनोदी नाटक करणार. आयुष्यात एक तरी हशा तिला स्वतःच्या नावावर हवा होता. मोठ्या नाट्यमहोत्सवाच्या कडेकडेनं, मिळेल त्या खोलीत छोटे प्रयोग होतात. फ्रिंज म्हणतात त्याला. तिथे अक्काच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं, चपलांच्या दुकानावरची माडी मिळवली. पाच दुपारी, पाच प्रयोग. अक्काच्या कानावर गेल्यावर ती म्हणाली, "अगं, तुझं बोलणं तुझं तुला ऐकू येत नाही, लोकांना काय येणार?" वर शेवटच्या दिवशी सगळा गोतावळा घेऊन येते, असंही सांगून मोकळी झाली. म्हणजे फजिती व्हायचीच असेल, तर ती घरच्यांदेखत.

तालमी भाचीच्या स्वयंपाकघरात झाल्या. गोष्ट साधी: घरातला नवरा हरवतो, बायको, सासू आणि इन्स्पेक्टर त्याला गावभर शोधतात आणि तो घरातच कपाटात झोपलेला असतो. चारही माणसं मावशीच करणार. ती हळू म्हणायची तेव्हा हसता हसता भाचीचं गॅसवरचं दूध उतू जायचं. तोच विनोद मोठ्यानं म्हटला की सरकारी सूचना ऐकल्यासारखं वाटायचं. तरी भाची "मावशी, आवाज!" म्हणून पिच्छा पुरवायची आणि मावशी बापडी घसा ताणायची.

पहिल्या दिवशी माणसं मोजकी. मावशी जीव तोडून ओरडली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. एक गृहस्थ घोरायला लागले, त्याला मात्र दोघं हसले. घरी जाऊन मावशी उशीत तोंड खुपसून रडली. माझं म्हणाल तर चूक तिची नव्हतीच; माशाला झाडावर चढवायला निघालं की दुसरं काय होणार?

दुसऱ्या दिवशी नाटकाआधी दारावर तिकिटं फाडणारा दारवाला पुढे आला. मोबाइल बंद ठेवायची सूचना त्यानं द्यायची, असा त्या माडीचा नियम. "रसिकहो, कृपया आपापले..." म्हणाला आणि गप्प झाला. दोरीवर टाकलेली चादर हीच विंग. तिच्यामागे मावशी उभी होती. पण समोर माणूस अडलाय म्हटल्यावर तिला राहवेना. "मोबाइल बंद ठेवावेत," तिनं सोडलं. तो म्हणाला. "बाहेर जायचं दार पाहून ठेवावं." तेही म्हणाला. मग तिच्या अंगात काय संचारलं देव जाणे. "काल सगळ्यांनाच ते लागलं होतं," ती कुजबुजली, आणि दारवाल्यानं तितक्याच गंभीर चेहऱ्यानं तेही ठणकावून सांगितलं. माडी हसली. हा हशा आपला आहे, हे कळायला मावशीला जरा वेळच लागला.

मग तिनं मागचापुढचा विचार न करता चादर ओढून काढली, स्टूल मधोमध ठेवलं आणि प्रेक्षकांतूनच बायको, नवरा, सासू, इन्स्पेक्टर उठवले. मावशी कानात सोडेल तसं त्यांनी म्हणायचं. मिशाळ गृहस्थ सासू झाले. दारवाल्याला कपाट केलं. आपल्या तोंडून पुढे काय निघणार हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नाही. वाक्य कानात पडताना त्याचा जो चेहरा व्हायचा, त्यालाच निम्मा हशा. लोक डोळे पुसत जिना उतरले.

नंतर जिन्यावर रांग लागायला लागली. गिऱ्हाइकांना वाट उरत नाही म्हणून खालचा दुकानदार भांडायला आला आणि तिकीट काढून बसला.

शेवटच्या दिवशी अक्का आली, गोतावळ्यासकट. बायकोच्या कामासाठी भाचीनं बेधडक स्वतःच्या आईलाच उठवलं. अक्कानं नुसतं नाक मुरडलं असतं, तरी मावशीची इतक्या दिवसांची कमाई घरच्यांच्या नजरेत मातीमोल झाली असती.

अक्का ऐटीत कपाटापुढे उभी राहिली. मावशीनं वाक्य सोडलं. अक्का गप्प. मावशीनं पुन्हा सोडलं. अक्का तशीच. मुद्दाम करतेय, मावशीला वाटलं. तरी तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. अडलेल्या माणसाला टाकून द्यायचं तिला कधी जमलंच नव्हतं.

तेव्हा अक्का तिच्याकडे वळली.

"ऐकू आलंय गं मला. पहिल्या वेळीच आलं होतं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "जन्मभर तुझी वाक्यं नुसती उचलत गेले, नीट ऐकली कधीच नाहीत. अजून एकदा म्हण."

मावशीनं म्हटलं, तितकंच हळू. अक्कानं ते कपाटाला ऐकवलं, "अहो, झोपलाच आहात तर निदान कपड्यांच्या घड्या तरी घाला," आणि माडी अशी काही हसली, की कपाटालाही हसू आवरेना. अक्का मात्र त्या हशाकडे पाठ करून, बहिणीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती.