बांधावरून गेलेले गुरुजी

अधिकार नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. कोपरखैरण्यात खाडीच्या चिखलाचा वास आला, की मिठागराजवळची आमची एकखोली शाळा आठवते. उधाणाला गावातले कुणी खाडीच्या बांधावर पाय ठेवत नसे. घाटावरून नव्याने आलेल्या गुरुजींना हे ठाऊक नव्हते. त्या अमावास्येला, भर दुपारी, शाळा सुटताच ते घरी जायला बांधाकडे निघाले. शेजारची मुलगी मला ढोसत म्हणाली, “आज उधान हाय, बांध बुडंल. मला वरडतील. तू सांग ना, हुशार ना तू!” गुरुजी वळले. “काय रे?” मी मान खाली घातली. “काही नाही, गुरुजी.” संध्याकाळी ओहोटीनंतर त्यांचा देह खारफुटीत सापडला. परवा शाळा शोधत गेलो. तिथे सोसायटीचे पार्किंग आहे. मी तेव्हा बोललो असतो, तर ते थांबले असते का?