एकटीचा घास

लेम्पी हाउतालाला एकटं राहण्याचं कधी ओझं वाटलं नाही. कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावात ती सिटी बस चालवायची. वय अठ्ठावन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे तिला तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती. आईवडिलांच्या मागे त्यांचं छोटं घर तिच्याकडे आलं. त्या घरात ती स्वतःपुरतं रांधायची, पण स्वतःपुरतं म्हणून कसंतरी नाही. एकटीसाठीसुद्धा टेबलावर कापड अंथरायची, बशीत बटाट्याचा लगदा, बाजूला व्हिनेगरमधलं बीट, राय पावाचा तुकडा, आणि रविवार असला की पोर्क चॉप, डुकराच्या मांसाचा जाड तुकडा.

तो चॉप माझ्याकडून जायचा. मी दुकानात मांसाच्या काउंटरवर उभी असते, गेली कित्येक वर्षं. लेम्पी शनिवारी यायची, काचेवर वाकून एकेक तुकडा न्याहाळायची आणि म्हणायची, "मर्ना, तो मागचा दे. पुढचे तू लोकांना फसवायला ठेवतेस." मी मागचा काढून द्यायचे. मग शिफ्ट, बर्फ आणि सडबरीला राहणारी तिची बहीण सिल्वी यांच्यावर दोन शब्द व्हायचे. ये माझ्याकडे, एकटी काय राहतेस, असं सिल्वीचं वर्षानुवर्षं चाललेलं. "मी तिच्या घरी गेले तर आठवड्यात दोघींपैकी एक जेलमध्ये असेल," लेम्पी म्हणायची.

जानेवारीत एका शनिवारी ती आली नाही. पुढच्या शनिवारी आली, पण माझ्या काउंटरकडे वळली नाही. डबाबंद सूपच्या फळीपाशी उभी होती. मी हात केला, तिनेही केला आणि गेली. सुट्टीवर असेल, पोट बिघडलं असेल, असं मला वाटलं.

काय झालं होतं ते तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तिनं सांगितलं तसंच सांगते.

रविवारची दुपार होती. आदल्या दिवशी खूप बर्फ पडून गेला होता. लेम्पी जेवायला बसली होती, रेडिओवर रस्त्यांच्या बातम्या लागल्या होत्या. कुठला रस्ता बंद आहे हे ऐकता ऐकता तिनं मोठा घास घेतला आणि नीट न चावता गिळायला गेली. घास खाली गेला नाही. ठसका लागेल म्हणून तिनं वाट पाहिली. ठसकाही आला नाही. तिनं श्वास घ्यायचा प्रयत्न केला तर आत काहीच गेलं नाही. कुणीतरी बाटलीला बूच मारावं तसं झालं होतं.

ती उठली. ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. ती म्हणाली, घाबरण्याआधी मला आश्चर्यच वाटलं. आपल्याच स्वयंपाकघरात, आपण शिजवलेल्या घासाने, असं?

खिडकीबाहेर शेजारचे रसेल बोयको यंत्रानं बर्फ उडवत होते. सत्तरीचे गृहस्थ, बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. आपल्या दारातलं झालं की ते न विचारता लेम्पीच्याही दारातलं साफ करायचे. ते इतक्या जवळ होते की टोपीवर साठलेला बर्फ तिला दिसत होता. लेम्पीनं चमच्यानं काच बडवली. यंत्राच्या घरघरीत ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण रसेलची नजर वर गेली. खिडकीत लेम्पी उभी आहे आणि हात हलवते आहे, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी हातमोजा वर करून हात हलवला, मान डोलावली आणि यंत्र वळवून पाठ केली.

"ती पाठ," लेम्पी म्हणाली, "ती मला अजून दिसते."

दारापर्यंत जावं का, असा विचार तिच्या मनात आला. पण दोन दारं, कडी, पायऱ्या, आणि नजरेच्या कडा काळ्या पडायला लागलेल्या. बस चालवणाऱ्यांना दरवर्षी प्रथमोपचार शिकवतात. उतारूच्या घशात काही अडकलं तर मागून मिठी मारून पोटावर कसा दाब द्यायचा, ते ती एका रबरी बाहुल्यावर शिकली होती. एकट्या माणसानं काय करायचं, ते शिकवणाऱ्यानं जाता जाता सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. तिनं बापाची जड खुर्ची भिंतीशी टेकवली आणि खुर्चीच्या पाठीच्या कडेवर पोट आणून अंग झोकून दिलं. काही झालं नाही. पुन्हा झोकलं. बरगडीत कळ आली. तिसऱ्यांदा गुडघे वाकलेच होते, त्या वजनासकट ती पडली आणि मांसाचा तुकडा फरशीवर जाऊन पडला.

ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाहेरचं यंत्र बंद झालं, रसेल घरात गेले, त्यांचं दार लागल्याचं तिला ऐकू आलं. रेडिओवर अजून रस्त्यांचंच चाललं होतं. ती उठली, उरलेला चॉप कचऱ्यात टाकला, बशी धुतली आणि पुसून ठेवली. सिल्वीला सांगायचं नाही हे तिनं तेव्हाच ठरवलं. सांगितलं असतं तर सिल्वी दुसऱ्या दिवशी सामान बांधायला आली असती.

पण भीती घरातच राहिली. आधी तिनं मांस सोडलं. मग पाव, कारण तो टाळ्याला चिकटतो. मग भात, सफरचंद, शेंगदाणे. रात्रीची रक्तदाबाची गोळी ती कुटून दह्यातून घ्यायला लागली. सूप करायची, ते गाळायची, गाळलेलं पुन्हा गाळायची. चमचा ओठाशी नेला की घसा आपोआप आवळून यायचा. नुसती थुंकी गिळतानाही ती थांबायची, आता हीसुद्धा अडकली तर? टेबलाशी बसणं तिनं सोडलं. दाराशी उभी राहून जेवायची, एक हात कडीवर. कामावर डबा न्यायची नाही. बसमध्ये चालू गाडीत घसा आवळला आणि मागे माणसं बसलेली असली तर काय, या विचारानं शिफ्टभर पाणीसुद्धा प्यायची नाही.

आणि एक विचार रोजचा होता: त्या रविवारी खुर्चीनं काम केलं नसतं तर कुणाला कधी कळलं असतं? कामावर गेली नाही म्हणून डेपोतून फोन आला असता. मग पुन्हा फोन. मग कधीतरी रसेलनं डोकावलं असतं. तोवर टेबलावर बशी आणि रेडिओ चालू. हे चित्र ती सूप ढवळताना पाहायची.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी जेवणाच्या सुट्टीत कचरा टाकायला दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर पडले. उणे पंचवीस असेल. पार्किंगमध्ये, गाड्या ठेवायच्या जागेच्या अगदी मधोमध, जिथून सगळे ये-जा करतात तिथे लेम्पीची निळी गाडी उभी होती. काच पूर्ण खाली. आत लेम्पी, डोक्यावर टोपी, मांडीवर थर्मास, आणि ती चमच्यानं काहीतरी खात होती. वाफ तोंडावर येत होती. एक घोट घेतला की ती मान वर करून आजूबाजूला कोण आहे ते बघायची, आणि कुणी दिसलं की मगच पुढचा घोट.

मी जवळ गेले. तिचा चेहरा पाहिला. गालांची हाडं वर आली होती, कोट दुसऱ्याचा घातल्यासारखा लोंबत होता.

"लेम्पी, काच लाव गं. गोठशील."

"नको. लावली तर वाफेनं धुरकटेल, कुणाला दिसणार नाही."

"काय दिसणार नाही?"

मी पलीकडचं दार उघडून आत बसले. माझी सुट्टी संपली, कुणीतरी मला शोधत बाहेर येऊन गेलं, तरी मी उठले नाही. तिनं सगळं सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत, बसचा मार्ग सांगावा तशा आवाजात. शेवटी म्हणाली, "मर्ना, मला मरायची भीती नाही. जेवता जेवता, एकटी, तोंडात घास धरून मरायची आहे. आणि जेवण तर दिवसातून तीन वेळा येतं."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात नळी घालून कॅमेऱ्यानं पाहिलं. काही दोष नव्हता. मोठा घास, लक्ष दुसरीकडे, एवढंच. हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट ती जास्त घाबरली. दोष असता तर कापून काढता आला असता. हे तर कधीही होऊ शकतं, कुणालाही. डॉक्टरांनी तिला गिळायचं शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी सांगितलं, घास नखाएवढा करा, हनुवटी खाली घ्या, जेवताना रेडिओ नको, आणि पहिले काही दिवस सोबतीला कुणीतरी असू द्या.

सोबत म्हणून मी जायला लागले. एका संध्याकाळी तिनं मासा उकडला होता. काटे इतके बारकाईनं काढले होते की माशाचा चुरा झाला होता. दुसऱ्याच घासाला तिला खोकला आला. ती ताडकन उठली, खुर्ची पडली, डोळे पांढरे. मला उठून तिच्या पाठीत मारावंसं वाटत होतं. पण खोकला चालू असेपर्यंत हात लावायचा नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिले आणि म्हणाले, "खोकतेयस ना? मग हवा जातेय. खोक." ती खोकत राहिली. मग थांबली. पडलेली खुर्ची उचलली, बसली, आणि तिसरा घास घेतला.

रसेलना तिनं सांगितलं नसतं. मी सांगितलं, तिला विचारून. ते आमच्यासमोर तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं तू थँक्यू म्हणतेयस." उठून घरी गेले. मला वाटलं दुखावले. पण दहा-पंधरा मिनिटांत परत आले, हातात त्यांच्या बोटीवरचा भोंगा. हवा भरलेला लाल डबा, वर बटण.

"हा दाबायला श्वास लागत नाही," ते म्हणाले. "ओट्यावर ठेव. मी कुठेही असलो तरी ऐकू येईल. यंत्र चालू असलं तरी."

"उगाच वाजला तर?"

"तर उगाच येईन."

मार्चमध्ये तो एकदा वाजला. पावाच्या कडेनं तिचा घसा जरा आवळला आणि तिनं धीर सोडून बटण दाबलं. रसेल नुसत्या मोज्यांनिशी बर्फातून धावत आले. तोवर कड खाली उतरली होती आणि लेम्पी लाजेनं लाल होऊन ओट्याशी उभी होती. तिनं त्यांना बसवलं, ओले मोजे काढायला लावले, कॉफी दिली. "सत्तर वर्षांच्या माणसाला असं पळवतात का?" ते म्हणाले, आणि तिच्या बशीतला उरलेला पाव खाऊन टाकला.

जूनमध्ये सिल्वी आली. तिलाही अखेर सांगावं लागलं होतं. ती दोन आठवडे राहिली, दोघी रोज भांडल्या, रोज एकत्र जेवल्या, आणि सिल्वी एकटीच परत गेली. लेम्पी या घरातून हलणार नाही हे तिनं मान्य केलं. पण एक अट घातली: रोज संध्याकाळी जेवण झालं की लेम्पीनं मला आणि तिला फोनवर संदेश पाठवायचा. तेव्हापासून रोज सहाच्या सुमाराला माझ्या फोनवर एकच शब्द येतो, "जेवले."

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तो आला नाही. सहा वाजून गेले, साडेसहा झाले. मी काउंटर पुसत होते आणि एका हातानं फोन लावत होते. नुसती घंटी वाजत राहिली. रसेलना लावला तर ते तळ्याकाठच्या आपल्या लाकडी घरात गेलेले. मी ॲप्रन अंगावर तसाच ठेवून गाडीत बसले. तिच्या दाराला कडी लावलेली नव्हती, जेवायच्या वेळी ती घालायचीच नाही. आत टेबलावर कापड, रिकामी बशी, फोन, आणि घरात कुणी नाही. जमिनीवरही मी पाहिलं. टेबलाच्या पलीकडे जाऊन पाहायला मला किती धीर एकवटावा लागला ते सांगता येत नाही.

लेम्पी परसात होती. गुडघ्यावर बसून नवे बटाटे उकरत होती. अजून जेवलीच नव्हती.

मी मागच्या पायरीवर बसले. तिनं माझ्या ॲप्रनकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली माती झटकली.

"घाबरलीस?"

मी मान डोलावली.

"हं," ती म्हणाली. "फोन आतच राहिला." मग टोपली उचलून माझ्याजवळून आत गेली आणि पाणी उकळायला ठेवलं.

बटाटे सालीसकट उकडले, वर लोणी, मीठ, शेपू. दोघी समोरासमोर बसलो. ती छोटे छोटे तुकडे करून, हनुवटी खाली घेऊन, सावकाश जेवत होती. मी पहिला घास तोंडात घातला, आणि तो गिळायला मला बराच वेळ लागला.