पांढऱ्या रंगाखालचं यान

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. दीपनगरच्या वसाहतीत राहणारे, वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक नाना तक्रार घेऊन एसटीने आले. जुन्या अंतराळ-साहसांच्या चित्रकथांची, छापण्याआधी चित्रकाराने हाताने काढलेली मूळ पानं जमवायचा त्यांना नाद. त्यातलं सगळ्यात लाडकं पान त्यांनी आमच्या हद्दीतल्या एका फ्रेमवाल्याकडे दिलं होतं. फ्रेम होऊन आलं ते आपलं पानच नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मी फ्रेम पाहिली. एक यान, एक तीन डोळ्यांचा इसम. म्हणालो, "नाना, पुस्तकाच्या दुकानात दुसरं मिळेल की." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप अर्ज घेतला.

पुढे दुकानाशेजारच्या चहावाल्याने, म्हणजे आमच्या जुन्या खबऱ्याने, कळवलं की तसलंच चित्र फ्रेमवाल्याच्या पोटमाळ्यावर आहे. पंच घेऊन गेलो. चित्रातल्या इसमाचं वर्णन काय लिहू, असं हवालदाराने विचारलं. "अनोळखी, डोळे तीन," मी सांगितलं. तो पंचनामा अजून कुठेतरी असेल.

जप्त पानावर पांढऱ्या रंगाचे थपके, संवादांच्या चिकटवलेल्या पट्ट्या आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. फ्रेमवाला तोंडाचा गोड. "साहेब, बठ्ठं, सगळं खरं सांगस. नानांचं पान बघून मी सरावाला काढलं. खाडाखोड दिसत नाही का?" पुन्हा पुन्हा विचारलं, उत्तरात शब्दाचा फरक नाही. मी खूश. खाडाखोड केलेला सातबारा बनावट, खाडाखोड केलेलं लायसन्स बनावट, उभ्या नोकरीत हेच शिकलो होतो. नानांना बोलावून व्याख्यानच दिलं. अस्सल ते स्वच्छ, आणि ते तुमच्याच हातात आहे. तक्रार गैरसमजातून झाली असं लिहून द्या, म्हणजे हे पान याला परत देतो.

नानांनी सही केली नाही. जप्त पान घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि मला जवळ बोलावलं. उजेडासमोर धरल्यावर पांढऱ्या रंगाखाली दुसरं यान दिसलं. वरचं पृथ्वीकडे येत होतं, खालचं पाठ फिरवून निघालेलं.

"पुस्तकात हा तीन डोळ्यांचा परत येतो एवढंच छापलंय," नाना हळूच म्हणाले. "चित्रकाराने आधी त्याला जाऊ दिलं होतं. मग चित्रकाराचंच मन धजलं नाही. हे फक्त या कागदाला माहीत आहे, साहेब."

मी फ्रेमवाल्याकडे वळलो. "भाऊ, या पांढऱ्या रंगाखाली तू आधी काय काढलं होतंस?"

तो पहिल्यांदाच अडखळला. "ढग."

"अंतराळात?" हवालदार म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. स्कॅन करून, खाडाखोड पुसून जाड कागदावर छापलेली प्रत त्याने नानांच्या गळ्यात मारली होती. "विकायचं नव्हतं. लहानपणी मीबी वाचेल शे," तो खाली मान घालून म्हणाला. गुन्हा दाखल केला. पुढे कोर्टात नानांनीच तडजोड केली, अट एकच, दीपनगरला येऊन त्यांच्यासमोर फ्रेम करून द्यायची. पान त्यांच्या भिंतीवर लागलं, आणि ते बघायला फ्रेमवाला नंतरही जात राहिला म्हणे.

मला मात्र खोड लागली. आरोपी पाठ केल्यासारखा, न अडखळता घडाघडा जबाब देऊ लागला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि म्हणायचो, छान, आता शेवटाकडून सांग.