न प्यायलेली दारू

जितेशदादाच्या बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मापासूनच नाही. त्यामुळे लहानपणी हृदयाचं ऑपरेशन, बोलणं नाकातून, आणि विशीत कानात आवाज यायला लागले. गोळ्यांनी आवाज थांबले, पण भूक वाढली, पोट सुटलं, शुगर चढली. खरवईत आमच्या शेजारीच राहणारी त्याची आई, अंजनीमावशी, सगळ्यांना एकच सांगायची, "थायरॉइड आहे हो त्याला."

मावशीच्या धाकट्या भावाचं, चामटोलीच्या चंदूमामाचं, लग्न ठरलं. हळदीला सगळ्या भाच्यांचे एकसारखे कुर्ते. उल्हासनगरच्या टेलरने दादाला टेप लावली आणि दुकानभर ओरडला, "अरे साईं, ये घेरा है के गोदाम! कपड़ा डबल लगेगा!" सगळे फुटले. दादाही हसला, पण कान लालभडक.

तेव्हापासून त्याची गोळी गुपचूप बेसिनमध्ये जाऊ लागली. हळदीपर्यंत कुर्ता चक्क सैल झाला.

"काय रे हिरो, जिम लावली काय?" चामटोलीत जो तो विचारत होता. दादा खूश. मग डीजे सुरू झाला. दादा स्पीकरसमोर जाऊन हात जोडायला लागला, "माझं नाव नका ना घेऊ." कुणी नाव घेतच नव्हतं. शेवटी त्याने वायर उपटली.

सगळा मांडव त्याच्याकडे वळला. मावशी धावली, त्याचा दंड धरला आणि हसत मोठ्यांदा म्हणाली, "काही नाही हो, जास्त झालीय. पोरांनी पाजली!"

लोकांना हायसं वाटलं. "हलदीत नाय पिनार तं कवा पिनार?" गावातले भगवानआजोबा ओरडले. एकजण तर लिंबू घेऊन आला.

"आई, मी पीत नाही," दादा हळूच म्हणाला. "तुला माहितीये."

"माहितीये. चल."

रिक्षात त्याने गोळ्यांचं सांगितलं.

"मला का नाही बोललास?"

"तू तरी कुणाला बोलतेस?"

घर येईपर्यंत मावशीने पदर तोंडावरून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गोळी बदलून बघू, वजनाचं आणि शुगरचंही बघू. पण मनाने बंद करायची नाही." दवाखान्याच्या पायरीवरूनच मावशीने फोन लावला.

"चंदू, काल जितेश प्यायला नव्हता. मी खोटं बोलले. त्याला जन्मापासून आजार आहे."

"अगं ताई, हळदीत चालतं एवढं!"

"नाही चालत," मावशी म्हणाली. शेजारी दादा मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे न बघताच तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.