डूल नसलेली बाई

चीनच्या उत्तर शान्शीतल्या त्या डोंगराळ गावात कोणाचं लग्न ठरलं की खिडकीची लाल कागदी फुलं कापायला यिनहुआलाच बोलावत. तिच्या कात्रीला तोड नव्हती. ती फुलं चिकटवायला मात्र लेकुरवाळी सवाष्ण लागे. यिनहुआची मुलगी महिन्याची होऊन गेली, मागोमाग नवराही गेला, आणि नवरीच्या खोलीचा उंबरा तिला बंद झाला. कात्री चालते, बाई चालत नाही. असली रीत काढणाऱ्याचं भलं होवो!

मुलगी गेली तरी दूध आटलं नव्हतं. शेजारच्या शूफेनला तेव्हाच मुलगा झालेला, पण तिच्या अंगावर दूध नाही. यिनहुआने मागच्या दाराने जाऊन याओशानला वर्षभर पाजलं. "कुठे बोलू नकोस गं," शूफेन म्हणाली होती, "लोक अपशकुन म्हणतील. त्याच्या लग्नात मीच सांगेन त्याला." त्या एका शब्दावर यिनहुआने एकटीने दिवस काढले.

आज याओशानचं लग्न होतं. एरवी ती कमळ, मासे आणि मधोमध दोन अंबाड्यांचं बाळ कापायची. यावेळी बाळ एका बाईच्या छातीशी होतं. बाईचे कान मोकळे होते. मुलगी गेली त्या दिवशी काढलेले डूल यिनहुआने पुन्हा घातले नव्हते.

तीन मुलग्यांची आई असलेल्या मा काकूंनी फूल खिडकीशी धरलं. यिनहुआ अंगणातून बघत होती. याओशान आतून खिडकीजवळ आला आणि त्याने यिनहुआला विचारलं,

"काकू, फुलातली ही बाई कोण गं?"

यिनहुआने शूफेनकडे पाहिलं. तिचा जीव कानांत गोळा झाला होता. शूफेन खाली मान घालून बाहीचा धागा ओढत राहिली.

"कोण म्हणजे? तुझी आई!" मा काकू हसल्या. "पण यिनहुआ, शूफेनचे डूल विसरलीस की! म्हातारी झालीस बाई."



"विसरलेच बघा," यिनहुआ म्हणाली. "द्या इकडे."

कागद उंबऱ्याबाहेर आला. तिने दोन्ही कानांत चंद्रकोरीसारखी बारीक भोकं पाडली, फुंकर मारून कपटे उडवले आणि फूल परत आत दिलं.

"घे बाळा. आता झाली तुझी आई."